पहिली किक शेवटी

बंद पडलेली गाडी वेगळी आणि बंद ठेवलेली गाडी वेगळी. बंद पडलेल्या गाडीत सहसा एकच दोष असतो. प्लग गेलेला असतो, नाहीतर वायर तुटलेली, नाहीतर जेटमध्ये कचरा. मेकॅनिकला तो सापडला की तुम्ही घरी जायला मोकळे. बंद ठेवलेल्या गाडीत मात्र दहा-बारा बारीकसारीक दोष कुणाचं लक्ष नसताना एकदमच वाढलेले असतात, आणि गाडी उभी केली त्या दिवशी त्यातला एकही नव्हता. मालकाच्या डोक्यात बसलेलं असतं ते एवढंच, की ‘ठेवली तेव्हा एका किकमध्ये सुरू होत होती’. म्हणून वरची ताडपत्री काढल्या काढल्या त्याचा पाय किककडे जातो. याहून वाईट सुरुवात दुसरी नाही.

आमच्या काकांची यामाहा आरएक्स १०० ही १९९३ ची, नंबर एमएच-०८ चा. २०११ च्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या घराच्या पडवीत त्यांनी ती डबल स्टँडवर लावली, किल्ली देवघरामागच्या खिळ्याला अडकवली आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला मुलाकडे आले. ‘गणपतीला येईन तेव्हा फिरवेन’ म्हणाले होते. त्यानंतर गणपतीला ते येत राहिले ते एसटीने नाहीतर गाडी करून, आणि फटफटी तशीच राहिली. २०२४ च्या दिवाळीत त्यांनी ती मला देऊन टाकली, तेव्हा तिने कोकणातले चौदा पावसाळे काढले होते.

ज्यांच्याकडे ती नेली त्यांना गावात सगळे चाचा म्हणतात. टेम्पोतून गाडी उतरवायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, “किक मारलीस?”

“नाही, अजून नाही.”

“मग वाचली.”

त्यांनी किकचा दांडाच काढून खिशात टाकला. पुढचे आठ दिवस तो परत लागला नाही. त्या आठ दिवसांत मी जे पाहिलं आणि शिकलो, त्याचा हा वृत्तांत आहे.

आरएक्स १०० चं इंजिन समजायला सोपं आहे. एस्कॉर्ट्स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने १९८५ मध्ये ही गाडी भारतात आणली आणि १९९६ पर्यंत बनवली. सिलिंडरचा व्यास ५० मिलिमीटर आणि पिस्टनची वर-खाली चाल तेवढीच, ५० मिलिमीटर. त्यातून ९८ सीसी होतात आणि ११ अश्वशक्ती निघते. टू-स्ट्रोक असल्यामुळे फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, टायमिंग चेन नाही. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या आहेत, आणि पिस्टन वर-खाली होताना स्वतःच त्या उघडतो, बंद करतो. भाग कमी म्हणून बिघाड कमी, असं आपल्याला वाटतं. चालत्या गाडीच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरंही आहे.

उभ्या गाडीत मात्र या खिडक्याच घात करतात. पिस्टन खालच्या बाजूला थांबला असेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून ते थेट सिलिंडरपर्यंत वाट उघडी राहते. पावसाळ्याची दमट हवा त्या वाटेने आत येते, रात्री धातू गार पडला की तिचं पाणी होतं, आणि सिलिंडरच्या लोखंडी भिंतीवर गंजाचा पट्टा उमटतो. पिस्टनच्या कड्याही लोखंडीच. त्या भिंतीला चिकटतात. अशा वेळी तुम्ही किक मारली, म्हणजे अंगाचं सगळं वजन एका लांब दांड्यावर टाकलं, की दोनांतलं एक होतं. कडी तुटते आणि तिचा तुकडा खिडकीत अडकतो. किंवा ती सुटते, पण गंजाची पूड कानसीसारखी भिंत घासत वर-खाली फिरते. पहिल्या प्रकारात निदान लगेच कळतं. दुसऱ्यात गाडी सुरू होते, मालक खूश होतो आणि दोन महिन्यांनी बोअर करायला येतो.

चाचांनी आधी प्लगच्या भोवतीची माती हवेने उडवली. प्लग काढताना ती आत पडली तर तीही कानसच. मग प्लग काढून त्या भोकातून दोन-तीन चमचे टू-टी ऑईल आणि थोडं डिझेल आत सोडलं आणि भोकात कापडाची बोळी घातली. “आता दोन दिवस चहा प्यायचा,” म्हणाले. डिझेल पातळ असतं, फटीत शिरतं; ऑईल मागाहून येऊन तिथे राहतं. काही जण याच कामाला डब्ल्यूडी-४० चा फवारा मारतात. तोही चालतो, पण तो उडून जातो आणि मागे वंगण फारसं ठेवत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली आणि मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवायला लागले. वरचा गिअर घ्यायचा कारण त्यात चाकावरून इंजिनवर येणारा जोर हाताला तोलता येतो, आणि पिस्टन कुठे अडतो ते बोटांना कळतं. पुढे जरा, मागे जरा. जिथे अडलं तिथे जोर नाही, पुन्हा मागे. पंधरा-वीस मिनिटांनी ‘चुळुक’ असा आवाज होऊन चाक पूर्ण फिरलं. आमचं नशीब असं, की काकांनी गाडी उभी केली तेव्हा पिस्टन बराच वर थांबला होता, म्हणजे खिडक्या बंद होत्या. हा योगायोग होता. पण मुद्दाम करण्यासारखी गोष्ट आहे ही: टू-स्ट्रोक गाडी लांबणीवर टाकायची असेल तर पिस्टन वरच्या टोकाला आणून ठेवायचा.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि नेमका हाच भाग हौशी लोक सोडून देतात. कारण तो दिसत नाही.

फोर-स्ट्रोक गाडीत पिस्टनखालची जागा म्हणजे ऑईलचं तळं. टू-स्ट्रोकमध्ये ती जागा भात्याचं काम करते. पिस्टन वर गेला की तिथे पोकळी होते आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन सिलिंडरमध्ये चढतं. भाता म्हटला की तो हवाबंद हवा. क्रँकचा दांडा मात्र दोन्ही बाजूंनी या भात्याच्या बाहेर निघतो: डावीकडे मॅग्नेटकडे, उजवीकडे क्लचकडे. दोन्ही ठिकाणी फिरत्या दांड्याभोवती रबराचं एकेक सील असतं, आणि त्याची पातळ ओठासारखी कड दांड्याला टेकून हवा अडवते. ही कड ओली असेपर्यंत मऊ राहते. तेरा वर्षं कोरडी पडली की ती कडक होते, आणि दांडा जिथे थांबला होता त्याच आकारात ताठून बसते.

मग काय होतं ते सील कुठल्या बाजूचं गेलं त्यावर आहे. क्लचकडचं गेलं तर भाता गिअरबॉक्समधलं ऑईल ओढून घेतो आणि ते जळतं. सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो, तो गाडी गरम झाल्यावरही थांबत नाही, आणि आठ-पंधरा दिवसांत गिअर ऑईल न गळताच कमी झालेलं असतं. हा दोष निदान स्वतःची जाहिरात करतो. मॅग्नेटकडचं सील गेलं तर धूर नाही, डाग नाही. तिथून फक्त हवा आत येते. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी; आणि टू-स्ट्रोकला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबरच. इंजिन जास्त तापतं, त्याला वंगण कमी पडतं आणि वर गाडी नेहमीपेक्षा जोरात पळते! मालकाला वाटतं, काय टकाटक झालीय. ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज लवकर खाली येत नाही, ही एवढीच खूण. कशेडी घाटात पिस्टन जाम होतो तेव्हा मागचं चाक ठप्प थांबतं आणि क्लच ओढायला सुचेपर्यंत माणूस आडवा झालेला असतो.

सीलची किंमत गाडीच्या एका टायरच्या मानाने काहीच नाही. तरी लोक ती बदलत नाहीत, कारण ‘सुरू झाली ना, मग कशाला उघडायची?’ चाचांचा नियम उलटा होता. दहा वर्षांपेक्षा जास्त उभी असलेली टू-स्ट्रोक आली की सील बदलल्याशिवाय ते किकचा दांडा परत लावत नाहीत. मॅग्नेटकडचं सील मॅग्नेट ओढून काढल्यावर बाहेरून बदलता आलं. क्रँकचं बेअरिंग त्यांनी हाताने फिरवून कान लावून ऐकलं. बेअरिंगच्या गोळ्यांवर गंजाचे ठिपके पडले असतील तर वाळूवरून चालल्यासारखी खरखर येते. आमचं गप्प होतं. खरखर असती तर इंजिन पूर्ण उतरवून दोन भाग करण्यावाचून इलाज नव्हता, आणि हा वृत्तांत बराच लांबला असता.

आता टाकी. झाकण उघडल्यावर जो वास आला तो पेट्रोलचा नव्हता. जुन्या रंगाच्या डब्याचा असतो तसा आंबूस, जड वास. पेट्रोल म्हणजे एकच द्रव नव्हे. त्यात हलके, चटकन उडणारे घटक असतात आणि जड घटक असतात. थंड इंजिन पेटतं ते हलक्यांच्या जोरावर. ते महिन्या-दोन महिन्यांत उडायला लागतात. जड घटक हवेतल्या ऑक्सिजनशी जुळत जुळत आधी पिवळट, मग तपकिरी आणि शेवटी राळेसारखे चिकट होतात. काकांच्या टाकीत तळाला दोन पेले तपकिरी पाक होता आणि त्याच्याखाली पाणी. पाणी पेट्रोलपेक्षा जड, त्यामुळे नेहमी तळाशी जाऊन बसतं आणि पत्र्याला तिथून खातं. ते येतं कुठून? टाकी श्वास घेते म्हणून. दुपारी आतली हवा फुगून झाकणाच्या बारीक भोकातून बाहेर जाते, रात्री बाहेरची दमट हवा आत येते. अर्धी रिकामी टाकी म्हणजे मोठं फुप्फुस. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवेला जागाच नसते, म्हणून ती कमी गंजते.

गंज काढायची गॅरेजमधली जुनी पद्धत म्हणजे टाकीत मूठभर नट-बोल्ट किंवा जुन्या चेनचा तुकडा आणि रॉकेल घालून खुळखुळवणं. मोठ्या पापुद्र्यांसाठी ती ठीक, पण कोपऱ्यांत चेन पोचत नाही. आम्ही किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणलं. एक लिटर गरम पाण्यात साठ-सत्तर ग्रॅम, अशा पाण्याने टाकी काठोकाठ भरून एक रात्र ठेवली. लिंबूसत्त्वाचा गुण असा, की ते गंजातल्या लोहाला धरून पाण्यात उतरवतं आणि खालच्या चांगल्या पत्र्याला त्या मानाने कमी त्रास देतं. सकाळी हिरवट-पिवळं पाणी ओतलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळून उरलेलं आम्ल मारलं, आणि मग घाई केली. इथे मात्र घाईच करायची. उघडा, ओला पत्रा अर्ध्या तासात केशरी व्हायला लागतो. हेअर ड्रायरने टाकी सुकवली आणि आत टू-टी ऑईल फिरवून भिंतींना लावून घेतलं. कॉकची जाळी आणि वायसर नवे.

याच पाकाची धाकटी आवृत्ती कार्ब्युरेटरमध्ये होती. कार्ब्युरेटरच्या वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल राहतं. ते आटतं तेव्हा त्यातली सगळी राळ जेटच्या भोकात जमा होते. मेन जेटचं भोक त्यातल्या त्यात मोठं; पायलट जेटचं अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. उभ्या राहिलेल्या गाडीची खास तक्रार इथूनच येते: चोक ओढून सुरू होते, चोक ढकलला की बंद, रेस केली तर चालते, सोडली तर बंद. याचा अर्थ पायलट जेट बंद आहे, बाकी काही नाही. अनेक जण यावर आयडलिंगचा स्क्रू पिळत बसतात. जेट उजेडाकडे धरावा. आरपार गोल उजेड दिसला तर साफ. टाचणी किंवा स्टीलची तार घालू नये, कारण पितळ मऊ असतं आणि भोक एक केसभर मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडलं. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक धागा आणि कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा पुरे. फ्लोटची सुई बसते की नाही ते पाहण्यासाठी चाचांनी कार्ब्युरेटर हातात धरून नळीला तोंड लावून फुंकर मारली: सरळ धरला की हवा गेली पाहिजे, उलटा धरला की अडली पाहिजे. आमच्या सुईतून उलटं धरूनही हवा जात होती. तशीच लावली असती तर रात्रभरात पेट्रोल वाहून गेलं असतं.

पेट्रोलच्या बाबतीत एक नवी भानगड आहे, जी काकांनी गाडी लावली तेव्हा एवढी नव्हती. महाराष्ट्रासह काही राज्यांत ५ टक्के इथेनॉल मिसळायला २००३ मध्येच सुरुवात झाली होती, पण ती रखडत चालली. २०२२ मध्ये देशात १० टक्क्यांचा टप्पा गाठला गेला आणि आता पंपावर २० टक्क्यांचं पेट्रोल मिळतं. कोल्हापूर-सांगलीचा ऊस असा फिरून चिपळूणच्या फटफटीत येतो. रोज चालणाऱ्या गाडीत याने फार बिघडत नाही. उभ्या गाडीत बिघडतं, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. काही प्रमाणापर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये विरघळवून ठेवतं; १० टक्क्यांच्या मिश्रणात लिटरमागे साधारण पाच मिलिलिटरपर्यंत. त्यापुढे मात्र एकदम दोन थर पडतात, वर पेट्रोल आणि खाली पाणी-इथेनॉलचं मिश्रण, आणि कॉक खालून ओढतो. शिवाय १९९३ च्या रबरी नळ्या, वायसर, सुईचं टोक हे सगळं इथेनॉल डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं नव्हतं. जुनी नळी फुगते, मऊ पडते. म्हणून ‘नळी चांगली दिसतेय, राहू दे’ हा हिशोब इथे चालत नाही. टाकी काठोकाठ भरून ठेवायचा वर सांगितलेला सल्लाही आता जपून घ्यायला हवा. दोन-तीन महिन्यांसाठी भरून ठेवा. वर्षभरासाठी ठेवणार असाल तर पूर्ण रिकामी करून आतून ऑईल लावा.

एअर फिल्टरचा फोम बोट लावताच शेवेसारखा चुरला. तो तसाच ठेवून किक मारली असती तर ती शेव सरळ कार्ब्युरेटरमध्ये गेली असती. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं, आणि सीटखाली उंदराने काकांच्या जुन्या पावसाळी टोपीचं. टोपी कुठे गेली हा घरातला जुना वाद त्या दिवशी मिटला.

आता ऑईल पंप. येझदी किंवा जुन्या राजदूतमध्ये पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचं असे. पंपावर मापाचा पेला हातात घेऊन उभं राहायचं. आरएक्समध्ये ऑईलची वेगळी टाकी आहे आणि एक छोटा पंप ॲक्सिलरेटर जेवढा ओढाल तेवढं ऑईल इंजिनला पाजतो. सोय मोठी. पण गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली, किंवा ऑईलची नळी एकदा काढली, की नळीत हवा शिरते. पंप फिरत राहतो, हवा पाजत राहतो, आणि टाकीत ऑईल भरलेलं पाहून आपण निश्चिंत असतो. चाचांनी जुनं, मधासारखं घट्ट झालेलं ऑईल काढलं, टाकी धुतली, नवं ऑईल भरलं, आणि पंपाचा हवा काढायचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑईल वाहू दिलं. तरीही पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरला २० मिलिलिटर टू-टी वेगळं मिसळलंच. पंपावर विश्वास बसेपर्यंत येझदीसारखं वागायचं. प्लग चार दिवस काळा पडतो, थोडा धूर होतो. पिस्टन मात्र वाचतो.

बाकीचं थोडक्यात. क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. क्लच ओढून गिअरमध्ये गाडी पुढे-मागे ढकलल्यावर सुटल्या. हे आधी तपासलं नाही तर गाडी सुरू होते, पहिला गिअर पडतो आणि क्लच ओढलेला असूनही ती समोरच्या भिंतीवर जाते. ब्रेकचे लायनर पट्टीवरून सुटायला आले होते. ड्रम उघडताना हवेचा पाइप मारू नये, ओल्या फडक्याने पुसावं. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा आणि ती धूळ फुप्फुसात गेली की राहते. टायरवर नक्षी नव्यासारखी होती, काकांचा ते टाकून द्यायला विरोध होता. पण बाजूच्या भिंतीला नख लावलं की भेगा उघडत होत्या. टायरचं वय नक्षीवर नसतं. २००० नंतरच्या टायरवर शेवटचे चार आकडे वाचावेत: ३२०९ म्हणजे २००९ चा बत्तिसावा आठवडा. काकांचा तोच होता. बॅटरी अर्थातच गेलेली होती. पडून पडून तिच्या प्लेटांवर गंधकाच्या क्षाराचे टणक खडे होतात आणि मग ती चार्ज धरत नाही. सुदैवाने आरएक्सची ठिणगी बॅटरीवर अवलंबून नाही, मॅग्नेटवर आहे.

नव्या गाड्यांत असं नाही, हे इथेच सांगून टाकतो. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये जवळजवळ सगळीकडे कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं. टाकीतला पंप आणि इंजेक्टर दोघांनाही वीज लागते. बॅटरी मेली की ढकलूनही उपयोग नाही. टाकीतला गंज आधी त्या पंपाला मारतो, आणि पंप स्वस्त नाही. स्प्लेंडरसारख्या फोर-स्ट्रोकचं वेगळं. तिथे जुनं ऑईल बदलायचं, प्लग काढून ठेवून शांतपणे पंचवीस-तीस किका मारायच्या, म्हणजे वरच्या कॅमपर्यंत ऑईल चढतं आणि मगच इंजिन पेटतं. जुन्या बुलेटमध्ये उभं राहून राहून ऑईल टाकीतून झिरपत क्रँककडे उतरतं. मालक पट्टी बुडवतो, ऑईल कमी दिसतं, आणखी ओततो, आणि पहिल्या किकलाच ते नको तिथून बाहेर येतं.

आठव्या दिवशी संध्याकाळी चाचांनी खिशातून दांडा काढून लावला. आधी प्लग बाहेर, वायरीला लावून इंजिनच्या धातूला टेकवला, पण प्लगच्या भोकापासून लांब, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ येते. हळू किक. निळी, टचटचीत ठिणगी. पिवळी, लांबट आली असती तर कॉइल किंवा वायर. प्लग आत, पेट्रोल चालू, चोक ओढला, किल्ली बंद ठेवून दोन किका नुसत्या पेट्रोल वर यायला. मग किल्ली फिरवून ते बाजूला झाले आणि मला म्हणाले, “मार.”

तिसऱ्या किकला ती सुरू झाली. पहिली दोन मिनिटं धुराने गल्ली दिसेना, कारण आम्ही ओतलेलं सगळं ऑईल जळत होतं. चाचा धुराकडे बघतच नव्हते. त्यांनी ॲक्सिलरेटर थोडा पिळून सोडला आणि मान तिरकी करून आवाज किती पटकन खाली येतो ते ऐकलं. लगेच आला. पुन्हा एकदा. मग पंपाची वायर बोटाने पूर्ण ओढून धरली, उरलीसुरली हवा निघून जायला. पाच मिनिटांत धूर विरळ झाला आणि आरएक्सचा तो ओळखीचा कोरडा, टणटणीत आवाज आला. समोरच्या पानवाल्याने मान वर करून पाहिलं.

रस्त्यावर न्यायला अजून वेळ होता. आरसी पंधरा वर्षांची असते. काकांनी २००८ मध्ये एकदा पाच वर्षांनी वाढवून घेतलेली होती, ती २०१३ मध्ये संपली. आता गाडी तपासणीला दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, विमा काढायचा, उच्च सुरक्षा नंबरप्लेट लावायची, आणि पीयूसी. पीयूसीत आयडलिंगच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात. २००० पूर्वीच्या दुचाकीला ४.५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. जादा ऑईल मिसळलेलं पेट्रोल संपायच्या आधी तिथे जाऊ नये, एवढं शहाणपण मी उशिरा शिकलो आणि परत आलो.

त्या पहिल्या संध्याकाळी मात्र आम्ही गाडी गॅरेजच्या दारातच उभी ठेवली होती. मला ती अजून थोडा वेळ ऐकायची होती. काकांना फोन लावून मोबाइल सायलेन्सरपाशी धरला होता. पलीकडून ते काहीतरी बोलत होते, पण ऐकू येत नव्हतं. चाचा खाली वाकले आणि त्यांनी पेट्रोलचा कॉक बंद केला.

“पुण्याला कधी जातोस?”

“परवा.”

“मग हे बघून ठेव. परत कधी येशील त्याचा नेम नाही.”

वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत ती तशीच चालत राहिली. एक-दोन मिनिटांनी आवाज एकदम चढला, मग अडखळला आणि थांबला. तेव्हा फोनमधून काकांचं बोलणं ऐकू आलं. ते विचारत होते, “बंद का पडली रे?”